पुणे–नागपूर: हवाई अंतर ६०५ किलोमीटर, मग तिकिटावर १ तास २५ मिनिटं कशी?

प्रश्न थोडक्यात असा: पुणे ते नागपूर हवाई अंतर ६०५ किलोमीटर दाखवतात. एअरबस ए३२० ताशी ८४० किलोमीटर वेगाने जातं. भागाकार केला तर ४३ मिनिटं येतात. तिकिटावर मात्र १ तास २५ मिनिटं छापलेली आहेत, आणि गेल्या खेपेला वैमानिकाने माइकवर "उड्डाणाचा वेळ पंचावन्न मिनिटं" असं सांगितलं होतं. यातला खरा आकडा कुठला? आई पहिल्यांदाच एकटी विमानाने जाणार आहे, तर मामाने तिला घ्यायला सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, किती वाजता यावं?

तिन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत, आणि भागाकाराचा आकडा त्यातल्या त्यात सर्वांत निरुपयोगी. मी वीसएक वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम करतोय. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन, वजन, वाटेतलं हवामान हे सगळं ज्या कागदावर येतं तो कागद बनवणारा माणूस. कॅप्टनची सही त्यावर होते, प्रवाशांना तो कधी दिसत नाही. पुणे–नागपूरचा असा कागद किती वेळा काढला ते मोजलेलं नाही, पण झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

आधी अंतर. हे काढायला संगणक लागत नाही. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर; आमचा सगळा धंदा याच मापावर चालतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ १८ अंश ३५ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५५ मिनिटं पूर्व. नागपूरचा २१ अंश साडेपाच मिनिटं उत्तर, ७९ अंश ३ मिनिटं पूर्व. उत्तरेकडचा फरक अडीच अंश, म्हणजे साधारण १५० नॉटिकल मैल. पूर्वेकडचा फरक पाच अंश आठ मिनिटं, म्हणजे ३०८ मिनिटं. पण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून आपल्या अक्षांशावर त्याला ०.९४ ने गुणायचं. आले २९० च्या आसपास. आता शाळेतला पायथागोरस लावा: १५० चा वर्ग अधिक २९० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३२६. तीनशे सव्वीस नॉटिकल मैल, म्हणजे ६०४-६०५ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे वगैरे सगळं धरूनही संगणक एवढंच देतो. लांबच्या अंतराला, म्हणजे मुंबई–लंडनसारख्या ठिकाणी, हा कच्चा हिशोब फसतो. महाराष्ट्राच्या आत अजिबात नाही.

एक सावधगिरी. काही ठिकाणी ३७६ असा आकडा दिसेल. ते जमिनीवरचे मैल. ३२६ आणि ३७६ यांत गोंधळ झाला की पन्नासाचा घोळ होतो, आणि हा घोळ मी चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनी घातलेला पाहिलाय.

आता ही ६०५ किलोमीटरची रेघ नकाशावर ओढा. लोहगावहून निघाली की अहिल्यानगरच्या जरा दक्षिणेने जाते, पैठणच्या खालच्या अंगाला गोदावरी ओलांडते, जालना आणि बीड यांच्या मधून सरकते. बरोबर निम्म्यावर डाव्या हाताला दहा-बारा किलोमीटरवर लोणार. पुढे जवळजवळ वाशिमच्या डोक्यावरून, यवतमाळ उजवीकडे टाकत, वर्ध्याच्या थोड्या वरच्या अंगाने नागपूर. प्रत्यक्ष मार्ग एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, मर्जीप्रमाणे या रेघेच्या इकडेतिकडे होतो, दहा-वीस मैल वाढतात, पण समजायला ही रेघ पुरे.

आणि या रेघेवरच तुमच्या ४३ मिनिटांचं उत्तर आहे.

ए३२० ताशी ८४० किलोमीटरने जातं, हे खरं. पण कधी? वर पोचल्यावर. पुण्याहून उडालं की तेहेतीस हजार फुटांपर्यंत चढायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ११०-१२० नॉटिकल मैल मागे पडलेले असतात. म्हणजे विमान सरळ होतं ते कुठे? जालना-बीडच्या मधे. उतरायलाही साधारण तितकंच अंतर लागतं, म्हणजे नागपूरच्या ११० मैल आधीपासून नाक खाली करायला हवं. ते कुठे? वाशिम ओलांडलं की लगेच. तर पूर्ण वेगाने सरळ उडणं चालतं ते जालन्यापासून वाशिमपर्यंत, फार तर पंधरा मिनिटं! उरलेला सगळा वेळ विमान एकतर घाट चढतंय नाहीतर घाट उतरतंय. त्यातही दहा हजार फुटांच्या खाली वेगाला २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी २५० नॉटिकल मैल किंवा ४६३ किलोमीटर. समृद्धी महामार्गावरचा १२० चा वेग धरून कोणी कात्रज ते डेक्कन किती मिनिटांत जाईल हे काढत नाही, तसंच हे.

वीस, पंधरा, वीस, आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठीची चार-पाच मिनिटं. झाला एक तास. वारा पाठीशी असेल तर पंचावन्न, कधी बावन्न. वैमानिकाने माइकवर सांगितला तो हा आकडा, चाकं जमीन सोडल्यापासून जमिनीला लागेपर्यंतचा.

शेवटच्या त्या चार-पाच मिनिटांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लहान सेक्टरवर, म्हणजे दोन विमानतळांमधल्या छोट्या टप्प्यावर, खरी गंमत दोन्ही टोकांना असते. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या दिशेचे अंश, शेवटचं शून्य काढून. पुण्याची धावपट्टी १० आणि २८, म्हणजे पूर्वेकडे तोंड केलं तर १०० अंश, पश्चिमेकडे २८०. नागपूर पुण्याहून ६२ अंशांच्या आसपास, पूर्व-ईशान्येला. दहा नंबरवरून उडालात तर डावीकडे थोडंसं वळलं की नागपूरची वाट. पावसाळ्यात मात्र जमिनीलगतचा वारा पश्चिमेचा, आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, म्हणून २८ वरून शहराकडे तोंड करून निघायचं आणि मग जवळपास उलटं फिरून यायचं. तीन-चार मिनिटं तिथेच जातात. नागपूरची धावपट्टी १४ आणि ३२, आग्नेय-वायव्य अशी तिरपी. पुण्याहून येणारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे त्याला कुठूनही सरळ उतरता येत नाही. ३२ चालू असेल तर उमरेड-बुटीबोरीच्या बाजूला जाऊन मागे वळायचं; १४ चालू असेल तर कळमेश्वरच्या अंगाने यायचं. प्रवासी म्हणतात, "अहो, नागपूर दिसत होतं आणि विमान पुढे निघून गेलं." निघून जात नाही, वळसा घालतं. येताना उलट: नागपूरहून पुण्याला येणाऱ्याला २८ जवळजवळ समोरच असते. जाताना घेतलेली मिनिटं पुणं येताना परत देतं.

लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, हेही लक्षात ठेवा. नागरी विमानतळ हा त्याच्या कडेचा भाग. धावपट्टी हवाई दलाची, एटीसीही त्यांचंच. सुखोईंचा सराव चालू असेल तर तुमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये डांबरीकरणासाठी धावपट्टी पंधरवडाभर पूर्ण बंद होती, तेव्हा पुण्याला एकही प्रवासी विमान आलं-गेलं नाही. अशा ठिकाणचं वेळापत्रक बनवताना थोडी ढील ठेवावीच लागते.

आता तिकिटावरचा आकडा. तो हवेतला वेळ नाही. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. उभ्या विमानाच्या चाकांना पुढेमागे ठोकळे लावलेले असतात, चॉक्स. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावाला थांबून ठोकळे लागले की घड्याळ बंद. पुशबॅक (विमान मागे ढकलणं), इंजिन सुरू करणं, टॅक्सी (जमिनीवर चाकांवर चालत जाणं), रांगेत थांबणं हे सगळं त्यात. पुण्याला यात दहा-बारा मिनिटं सहज जातात, गर्दीच्या वेळी जास्त; नागपूरला उतरल्यावर पाच-सहा. मजा म्हणजे नियमांच्या भाषेत 'फ्लाइट टाइम' म्हणतात तोही हाच: उड्डाणासाठी विमान पहिल्यांदा हललं तिथपासून शेवटी थांबेपर्यंत. वैमानिकाच्या लॉगबुकात हेच तास चढतात. तेव्हा "विमान जमिनीवर उभं होतं तो वेळ कशाला धरता" या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

साठ आणि अठरा झाले अठ्ठ्याहत्तर. वरची सहा-सात मिनिटं कंपनीची उशी. ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर धरलं जातं, म्हणून प्रत्येक कंपनी थोडी उशी ठेवतेच. याला कोणी फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. विमान नागपूरला उतरून अर्ध्या-पाऊण तासात पुढच्या फेरीला निघायचं असतं. पहिल्याच फेरीचा हिशोब ओढूनताणून बसवला तर रात्रीपर्यंत सगळ्या फेऱ्यांची वाट लागते. हे नागपूरला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सगळी आपापल्या गावी परतायची. चारही अंतरं वेगळी, वारा चौघांना वेगळा, तरी जमायचं एकाच सुमाराला. एक उशिरा आलं की बाकी तिघांची टपालं खोळंबणार. उशीशिवाय ते जमलंच नसतं.

वाऱ्याबद्दल आता थोडं, कारण याच सेक्टरवर मी नवखा असताना तोंडावर आपटलो होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे तीस हजार फुटांवर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. कागदावर तो '२७०/७०' असा येतो: २७० अंशांकडून, सत्तर नॉट. नागपूरला जाताना हा वारा पाठीवर, त्यातले साठेक नॉट कामी येतात. परत येताना तेच साठ छातीवर. मी तेव्हा हाताने पडताळणी करत होतो आणि परतीच्या फेरीत वजाच्या जागी अधिक केलं. वरिष्ठांनी कागदाकडे पाहिलं, पेन्सिलने एक गोल काढला आणि म्हणाले, "हे विमान पुण्याला पोचेल रे, पण तुझ्या आधी नाही." मला कळायला मिनिटभर लागलं. माझ्या वेळेपेक्षा ते बारा मिनिटं उशिरा पोचणार होतं. हिवाळ्यात जाणं आणि येणं यांत दहा-बारा मिनिटांचा फरक पडतो तो असा. वेळापत्रकात नागपूरहून पुण्याची वेळ पाच-दहा मिनिटं जास्त दिसली तर छपाईची चूक समजू नका.

पावसाळ्यात चित्र उलटं, आणि जास्त मजेशीर. खालचा वारा पश्चिमेचा, मोसमी. पण खूप वर, पंचेचाळीस-पन्नास हजार फुटांच्या आसपास, पूर्वेकडून वाहणारा वेगवान प्रवाह असतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात त्याचा छडा लावला. तो आपल्या दक्षिणेला जास्त जोरात असतो, पण त्याचा खालचा पदर आपल्या उंचीलाही लागतो. म्हणून जुलैत नागपूरला जाताना विमान खाली पाठीवर वारा घेऊन चढतं आणि वर गेल्यावर छातीवर वारा घेतं. बेरीज-वजाबाकी होऊन फारसं काही उरत नाही. पावसाळ्यात वेळ खातो तो वारा नाही, ढग. मराठवाड्यावर गडगडाटी ढगांची रांग उभी असेल तर वीस-तीस मैलांचा वळसा ठरलेला. एप्रिल-मेच्या संध्याकाळी विदर्भात अवकाळी आलं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा ढग नेमके विमानतळावर असतात आणि वळसा घालून उपयोग नसतो, घिरट्या घालाव्या लागतात.

घिरट्या म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून इंधनाचं एका दमात सांगतो. पोचण्यापुरतं इंधन, त्यावर पाच टक्के, त्यावर नागपूर बंदच झालं तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावरही तीस मिनिटं हवेत राहण्यापुरतं राखीव. दुसरा विमानतळ म्हणून रायपूर धरता येतं, ते नागपूरहून दीडशे नॉटिकल मैलांवर; भोपाळ थोडं पुढे; हैदराबाद सव्वादोनशेच्या पलीकडे. त्यामुळे तासाभराच्या प्रवासाला निघालेल्या विमानात त्याच्या दुप्पट वेळ पुरेल इतकं इंधन असणं यात विशेष काही नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण या दोन गावांत दुसऱ्या जातीचं विमान धरून हिशोब केला की मुद्दा अधिक उघडा होतो. एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान, वेग २७० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटर. ए३२० च्या साठ टक्के वेग. पुणे–नागपूरला ते ब्लॉक टू ब्लॉक एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास घेईल. फरक पंधरा-वीस मिनिटांचा, कारण त्याला तेहेतीस हजार फुटांवर जायचंच नसतं, सतरा-अठरा हजारांवर त्याचं भागतं. पुणे–सिंधुदुर्ग तर २९० किलोमीटर. तिथे जेट आणि एटीआर यांच्यात दहा मिनिटांचा फरक राहतो आणि इंधन एटीआरला कितीतरी कमी लागतं. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळासारख्या ठिकाणी जेटऐवजी पंख्याचं विमान आलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हेच सांगतो.

तुम्हाला कुठल्याही दोन गावांचा अंदाज घरी काढायचा असेल तर माझी ढोबळ पद्धत अशी. नॉटिकल मैलांना जेटसाठी ४५० ने, एटीआरसाठी २७० ने भागा, साठने गुणा. जेटला चढ-उतारापायी सोळा-सतरा मिनिटं मिळवा, एटीआरला दहा. हा झाला हवेतला वेळ. मोठ्या विमानतळासाठी आणखी अठरा-वीस, लहानासाठी बारा. मुंबई–कोल्हापूर १६७ नॉटिकल मैल. एटीआरने हवेतला वेळ काढून बघा, सत्तेचाळीस मिनिटं येतील.

गाडीचं म्हणाल तर पुणे–नागपूर रस्त्याने सातशेच्या वर. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारत ८८१ किलोमीटर जाते आणि बारा तास घेते, कारण रूळ दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा मोठा वळसा घालून जातात. विमान अर्थातच जिंकतं. पण कोथरूडच्या माणसाला कार्यालयं सुटायच्या वेळी लोहगावला पोचायला लागतो तेवढ्या वेळात विमान वर्ध्याला असतं, आणि तासभर आधी काउंटर बंद होतो म्हणून त्याच्याही आधी पोचायचं असतं. आईसाठी दीड तास आधी धरा, दोन धरलेत तर तिलाही बरं वाटेल.

आता मामांचं. समजा तिकिटावर सुटायची वेळ १०, पोचायची ११.२५ आहे. विमान वेळेवर हललं तर बऱ्याचदा ११.१५ लाच उभं राहील. सामान टाकलेलं असेल तर पट्ट्यावर यायला आणखी पंधरा-वीस मिनिटं. नुसती हातातली पिशवी असेल तर आई साडेअकराच्या आत बाहेर. दुसरा कोणी असता तर मी मामांना म्हटलं असतं, पावणेबाराला या. पण पहिल्यांदा एकटी येणाऱ्या बाईला बाहेर आल्यावर ओळखीचा चेहरा दिसला पाहिजे, म्हणून मामांनी छापील वेळेलाच दाराशी उभं असावं. निघायच्या आधी विमान पुण्याहून उडाल्याची वेळ मोबाइलवर बघावी आणि तीत एक तास मिळवावा. तिकिटावरच्या वेळेपेक्षा ती जास्त भरवशाची. आईचा फोन तोवर बंद असणार, म्हणून लागत नाही या कारणाने पुण्याला फोन करून तुम्हाला घाबरवू नका म्हणावं.

आणि दिवसाचं विमान असेल तर आईला डावीकडची खिडकी घेऊन द्या, अक्षर ए, पण पंखाच्या ओळी टाळून. ही बाजू उत्तरेकडची, त्यामुळे ऊन डोळ्यांवर येत नाही. पहिल्यांदा नाथसागराचं पाणी दिसेल, ते कोणालाही ओळखता येतं. उडाल्यावर पंचवीस ते तीस मिनिटांनी, चहाचे कप गोळा करत असतील तेव्हा, खाली बघायला सांगा. आभाळ मोकळं असेल आणि एटीसीने फार बाजूला नेलेलं नसेल, तर सपाट शेतांच्या मधोमध कोणी ठसा उमटवावा तसं एक गोल दिसतं, काठाला झाडी आणि मधे हिरवट पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं. ते लोणार. तिथून नागपूर निम्म्या अंतरावर, पण वेळेने निम्म्याहून जरा जास्त.